खिशात विसरलेले पिस्तूल

अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या संघराज्य सरकारच्या यंत्रणेने २०२३ या एका वर्षात प्रवाशांच्या हातातील सामानातून ६,७३७ बंदुका काढल्या. त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक भरलेल्या होत्या. हातातील सामानात शस्त्र घेऊन विमानात चढता येत नाही, तसा प्रयत्न केल्यास हजारो डॉलरांचा दंड होतो आणि तपासणीच्या वाटेवर क्ष-किरणांचे यंत्र बसविलेले असते, हे त्या देशातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरीही रोज सरासरी अठरा माणसे आपली पिशवी निःशंकपणे त्या यंत्राच्या पट्ट्यावर ठेवतात आणि आत भरलेले पिस्तूल निघते. ही माणसे विमान पळविण्यास निघालेली नसतात. कोणी कामासाठी निघालेला असतो, कोणी लेकीकडे. तपासणी अधिकारी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, पकडल्या गेलेल्यांकडून सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारे कारण एकच आहे: पिस्तूल पिशवीत आहे हे लक्षातच राहिले नाही.

छत्री विसरते, चष्मा विसरतो, बसमध्ये जेवणाचा डबा राहतो. मनुष्य सहा-सात गोळ्यांनी भरलेले शस्त्रही त्याच पंक्तीत बसवू शकतो, ही गोष्ट आधी चमत्कारिक वाटते. पण अमेरिकेतील बंदुकीच्या बाजाराचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास पाहिला तर तीत चमत्कारिक काही उरत नाही. विसरता यावे, याच हेतूने ते शस्त्र घडविले गेले आहे.

दररोज अंगावर बाळगण्यासाठी लहान व्यासाचे, खिशात मावणारे पिस्तूल कोणते घ्यावे, हा त्या देशातील सामान्य, पापभीरू नागरिकापुढचा आजचा व्यावहारिक प्रश्न आहे. घड्याळ कोणते घ्यावे, बूट कोणते घ्यावे, याच गंभीरपणाने दुकानाच्या काउंटरवर आणि शिकारी-शस्त्रांच्या मासिकांत त्याची चर्चा होते. तो नेहमीच असा नव्हता. न्यूयॉर्क राज्याने १९११ साली सुलिव्हन कायदा केला तो मुख्यतः अंगावर लपविता येणाऱ्या लहान शस्त्रांसाठी. रायफल घेऊन हिंडणारा मनुष्य चारचौघांना दिसतो, कोटाच्या खिशातील पिस्तूल दिसत नाही, एवढा साधा विवेक त्यामागे होता. पुढे अनेक राज्यांत लपविलेले शस्त्र बाळगण्याची परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. फ्लोरिडाने १९८७ साली हा प्रवाह उलटा वळविला: ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना मिळालाच पाहिजे, असा कायदा तेथे झाला आणि एकामागून एक राज्यांनी तो गिरविला. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कच्या जुन्या कायद्यातील ‘विशेष कारण दाखवा’ ही अटच घटनाबाह्य ठरविली. २०२४ पर्यंत २९ राज्ये अशी झाली होती की, जेथे प्रौढ नागरिकाला शस्त्र लपवून बाळगण्यास परवानाच लागत नाही. परवाना नाही म्हणजे त्यासोबतचे शिक्षणही सक्तीचे नाही. कायद्याने दार उघडले आणि कारखानदारांनी त्या दारातून मावेल अशी वस्तू बनविली.

या निवडीतील मुद्दे पोरकट आहेत असे मात्र समजू नये. रात्रपाळी संपवून ओसाड वाहनतळावर एकटी चालत जाणारी परिचारिका, ज्याला मारझोड करणारा पूर्वीचा पती पुन्हा दारात उभा राहील या धास्तीने झोप लागत नाही असे घर, पोलिसांची गाडी यायला अर्धा तास लागेल अशा खेड्यात राहणारा म्हातारा, यांची भीती खरी असते. तिची टिंगल करणारा अग्रलेख लिहिणे सोपे आहे, पण तो अप्रामाणिक ठरेल. अशा माणसाला मोठे सैनिकी पिस्तूल झेपत नाही. एक किलो वजनाचे लोखंड कमरेला बांधून तो पहिल्या आठवड्यात कंटाळतो आणि ते कपाटात जाते. म्हणून जाणकार त्याला सांगतात की, घरी राहिलेल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा खिशात असलेले लहान पिस्तूल बरे. हे त्या वर्तुळातील सर्वमान्य सूत्र आहे आणि तर्क म्हणून ते बिनतोड दिसते.

पण लहान म्हणजे किती लहान? .२२ चे काडतूस सर्वांत स्वस्त, धक्का नाममात्र, सरावाला उत्तम. मात्र त्याचे स्फोटक काडतुसाच्या कडेत भरलेले असते आणि अशी काडतुसे चाप ओढूनही न उडण्याचे प्रमाण अधिक असते. हाच दोष घालविण्यासाठी जॉन ब्राउनिंग या असामान्य अमेरिकन कारागिराने १९०५ च्या सुमारास .२५ चे काडतूस तयार केले. शक्ती जवळजवळ .२२ इतकीच, पण स्फोटक मध्यभागी, त्यामुळे भरवसा अधिक. त्यासाठी बेल्जियमच्या कारखान्याने काढलेले पिस्तूल जाकिटाच्या खिशात मावे. या .२५ च्या गोळीत पोलिसांच्या नेहमीच्या ९ मिलिमीटरच्या गोळीच्या जेमतेम एक पंचमांश ऊर्जा असते. .३२ मध्ये एक तृतीयांशाहून थोडी अधिक, .३८० मध्ये निम्म्याहून थोडी अधिक. तेव्हा जो तो वरची पायरी चढू पाहतो, आणि तेथे न्यूटनचा तिसरा नियम आडवा येतो. शस्त्र जितके हलके तितका त्याचा झटका हाताला जास्त बसतो. २००८ साली अमेरिकन बाजारात आलेले रूगरचे एलसीपी हे .३८० चे पिस्तूल रिकामे असताना पावशेराहून किंचित अधिक भरते आणि पँटच्या पुढच्या खिशात सहज लपते. पण ते चालविणे सुखाचे नाही, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. मुठीत दोन बोटे मावतात, तिसरे लोंबते. नळी आखूड, नेम धरण्याच्या खुणा नावापुरत्या. वृद्धांना आणि सांधे धरलेल्यांना वरचा सरकता भाग मागे ओढता येत नाही, म्हणून इटलीच्या बेरेटा कंपनीने खटका दाबताच नळीचे मागचे तोंड वर उचलले जाईल आणि गोळी थेट आत ठेवता येईल, अशी पिस्तुले काढली. यंत्रविद्येच्या दृष्टीने ही सारी कौतुकाची कामगिरी आहे. प्रत्येक अडचणीवर उपाय निघतो आणि प्रत्येक उपायातून नवी अडचण जन्मते. रूगरच्या त्याच पिस्तुलाची पहिली खेप जमिनीवर पडल्यास गोळी सुटू शकते म्हणून कंपनीला त्याच वर्षी ती ग्राहकांकडून दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली होती.

या वादाचे वेड किती जुने आहे याचा एक गमतीदार दाखला वाङ्मयातला आहे. इयान फ्लेमिंगने आपला नायक जेम्स बाँड याच्या हाती आरंभी .२५ चे बेरेटा दिले होते. १९५६ साली बूथरॉइड नावाच्या एका शस्त्रप्रेमी वाचकाने त्याला पत्र लिहून हे पिस्तूल बायकी आहे, अशी तक्रार केली. फ्लेमिंगने ती इतकी मनावर घेतली की, पुढच्या एका कादंबरीत बाँडचे बेरेटा ऐन वेळी कपड्यात अडकले आणि १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये वरिष्ठांनी ते काढून घेऊन त्याला ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे .३२ चे, वॉल्थर पीपीके दिले. एका काल्पनिक हेराच्या खिशातील पिस्तुलाने या जर्मन बनावटीला जगभर जी कीर्ती मिळवून दिली ती कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती.

कायदे करणाऱ्यांनी या लहान पिस्तुलाचा पाठलाग केला नाही असे नाही, पण तो पाठलाग बहुधा उलटला. रॉबर्ट केनेडी यांचा १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये .२२ च्या रिव्हॉल्व्हरने खून झाला, त्याआधी दोन महिने मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने बंदुकीवर नियंत्रणाचा कायदा केला. क्रीडेसाठी उपयोगी नसलेल्या लहान पिस्तुलांची आयात त्याने बंद केली आणि लांबी, उंची, वजन यांना गुण देऊन पिस्तूल पास की नापास हे ठरविण्याची पद्धत आली. बाँडचे पीपीके या परीक्षेत थोडक्यात नापास झाले. कारखानदाराने मोठ्या भावाच्या सांगाड्यावर धाकट्याचा वरचा भाग बसवून ‘पीपीके/एस’ नावाचे किंचित उंच पिस्तूल काढले आणि ते पास झाले. आयात थांबली, पण देशात बनविण्यावर बंदी नव्हती, म्हणून लॉस एंजेलिसच्या आसपास स्वस्त .२५ ची पिस्तुले ओतणारे कारखाने उभे राहिले. पुढे १९९४ च्या कायद्याने दहाहून अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझीनवर दहा वर्षांसाठी बंदी घातली. दहाच गोळ्या मावायच्या तर पिस्तूल मोठे कशाला, असा विचार कारखानदारांनी केला आणि १९९५ साली ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने आपल्या पिस्तुलाची ठेंगणी आवृत्ती बाजारात आणली. मोठ्या मॅगझीनला आळा घालणाऱ्या कायद्याने लपविण्याजोग्या पिस्तुलाला असा हातभार लागला. २०१८ मध्ये सिग सॉअर कंपनीने अर्धा किलोच्या पिस्तुलात ९ मिलिमीटरच्या दहा गोळ्या बसविल्यावर .३२ आणि .३८० च्या पुरस्कर्त्यांचा अर्धा युक्तिवादच संपला. लहान शस्त्राची शक्ती आता लहान राहिलेली नाही.

येथे एक मूलभूत प्रश्न विचारला पाहिजे. .३२ किंवा .३८० दुबळे आहे, असे ही मंडळी म्हणतात, ते कोणाच्या हातात? इतिहास काही निराळेच सांगतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंग बनावटीच्या पिस्तुलातून आल्या होत्या. लंडनहून सावरकरांनी गुप्तपणे पाठविलेल्या वीस पिस्तुलांचा तो माग पोलिसांनी पुढे काढला. १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने निःशस्त्र केलेल्या देशात बोटीवरच्या सामानातून येऊ शकेल आणि अंगरख्याखाली लपेल असे शस्त्र तेवढे एकच होते. जून १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा बळी घेऊन महायुद्धाला निमित्त झालेले पिस्तूल ब्राउनिंगचेच, .३८० चे. आणि ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींवर ज्यातून तीन गोळ्या सुटल्या ते बेरेटा याच व्यासाचे होते, कारण इटालियन ज्याला ९ मिलिमीटर ‘कोर्टो’ म्हणतात तेच अमेरिकेचे .३८०. या घटनांचे हेतू, त्यांची प्रतिष्ठा आणि त्यांवरील इतिहासाचा निवाडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांना एका मापाने मोजण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. साम्य आहे ते शस्त्राच्या वापराच्या रीतीत. तिन्ही वेळा शस्त्रधारी चार हातांच्या आत पोहोचला होता, हल्ला करण्याचे त्याने आधीच ठरविले होते आणि समोरच्याला त्या क्षणी काही कल्पना नव्हती.

लहान पिस्तूल दुबळे नसते. ते ज्याने आधी ठरविले आहे त्याच्या हातात पुरेसे असते आणि ज्याच्यावर प्रसंग अचानक कोसळला आहे त्याच्या हातात अपुरे पडते. हल्लेखोराला खिशातील वस्तूची क्षणोक्षणी जाणीव असते, तो तिच्यासाठीच घराबाहेर पडलेला असतो. बचावासाठी पिस्तूल घेणाऱ्याची स्थिती नेमकी उलट आहे. प्रसंग येऊ नये अशीच त्याची इच्छा असते, बहुतेकांच्या आयुष्यात तो येतही नाही, आणि म्हणून त्याला हवे असते ते खिशाला न टोचणारे, सदऱ्याबाहेर न दिसणारे, चालता-बसता लक्षात न येणारे पिस्तूल. दुकानदारही नेमके हेच सांगतो की, बरोबर आहे हे तुमच्या लक्षातही येणार नाही. ग्राहकाला ते वाक्य गुण म्हणून ऐकू येते. वस्तुतः या वस्तूचा सर्वांत मोठा धोका त्या एका वाक्यात सांगून झालेला असतो.

कारण शस्त्र लक्षात ठेवणे हे रोजचे काम आहे. खिशात किल्ल्या आणि नाणी असतील तर पिस्तूल तेथे ठेवता येत नाही, एखादी किल्ली चापात अडकली तर स्वतःच्याच मांडीत गोळी जाते. चाप पूर्ण झाकणारे कातडी घरटे लागते. खिशातील धागे आणि धूळ यंत्रात शिरते, ती काढावी लागते. गोळ्या बदलाव्या लागतात. मुख्य म्हणजे सराव लागतो, आणि जे पिस्तूल चालविताना हात झिणझिणतो त्याचा सराव माणूस टाळतो. अनुभवी शिक्षक नवशिक्याला म्हणूनच मोठ्या, जड पिस्तुलावर शिकवितात, आणि नवशिका विकत घेतो ते सर्वांत लहान, म्हणजे चालविण्यास सर्वांत अवघड. पन्नास गोळ्यांची एक पेटी उडवून ते पिस्तूल पर्समध्ये जाते आणि मग वर्षभर पर्सच फिरते.

३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन गावच्या एका मोठ्या दुकानात एक तरुण आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला सामानाच्या ढकलगाडीत बसवून खरेदी करीत होती. तिची पर्स गाडीत, मुलाजवळ होती. पर्सला पिस्तूल ठेवण्यासाठी खास शिवलेला, चेन लावलेला कप्पा होता, आणि ती पर्स तिला नाताळची भेट म्हणून मिळाली होती. पिस्तूल लहान आकाराचे होते. मुलाने ते काढले, गोळी सुटली आणि आई तेथेच मरण पावली. ती निष्काळजी किंवा अडाणी बाई नव्हती. अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, शस्त्र चालविण्याचा सराव असलेली ती स्त्री होती. काही क्षण तिचे लक्ष दुसरीकडे गेले, आणि दोन वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ पुरला.

अशी उदाहरणे अपवादात्मक आहेत, असे उत्तर मिळते, आणि लहान मुलांच्या बाबतीत आकड्यांच्या भाषेत ते खरेही आहे. पण ज्या मरणांची संख्या खरोखर मोठी आहे ती आणखी जवळची आहेत. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसे मेली. त्यांतील सुमारे २७ हजारांनी स्वतःवर गोळी झाडली होती. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात आढळले की, हातबंदूक विकत घेतलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे आठपट होते, आणि स्त्रियांत इतर स्त्रियांच्या पस्तीस पट. ज्यांच्या संरक्षणाच्या नावाने हे लहान पिस्तूल विकले जाते त्या स्त्रियांबाबतचा हा आकडा दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. माणसाच्या मनात येणारी अशी काळी घटका बहुधा थोडा वेळ टिकते. हाताशी विष असले तर त्यातून वाचण्याला वाव राहतो, हाताशी पिस्तूल असले तर फारसा राहत नाही. गोळी .२२ ची की ९ मिलिमीटरची, हा वाद तेथे संपूर्ण निरर्थक आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? बंदूक दाखवून किंवा झाडून स्वतःला वाचविण्याचे प्रसंग वर्षाला पंचवीस लाख घडतात, असा अंदाज क्लेक आणि गर्ट्झ या संशोधकांनी १९९५ साली टेलिफोनवरील मुलाखतींवरून मांडला. सरकारी गुन्हेपीडित-पाहणीतून निघणारा आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहतो. पंचवीसपटीचा हा फरक मिटलेला नाही, आणि १९९६ नंतर कित्येक वर्षे काँग्रेसने या विषयावरील सरकारी संशोधनाचे हात बांधून ठेवल्यामुळे तो मिटण्याची सोयही राहिली नाही. खालचा आकडा धरला तरी काही हजार माणसे शस्त्रामुळे वाचत असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांतील किती जणांना रोज खिशात वागविलेल्या पिस्तुलाने वाचविले आणि किती जणांना घरात ठेवलेल्या बंदुकीने, हा हिशेब दोन्ही पक्ष करीत नाहीत.

हा विषय सात समुद्रांपलीकडचा म्हणून सोडून देता येण्याजोगाही नाही. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत हजारो मराठी कुटुंबे आता तेथे कायमची राहतात, आणि शेजाऱ्याच्या घरी आहे म्हणून आपल्याही घरी असावे का, हा विचार काहींच्या मनात येतो. तेथे तात्पुरत्या व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अथवा नोकरदाराला बंदूक बाळगण्यास संघराज्याचा कायदा सामान्यतः मनाईच करतो, हे त्यांच्या इकडच्या पालकांना माहीत असावे. कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्याला मात्र ती घेता येते. त्याने घ्यायचीच ठरविली तर व्यास कोणता हा त्याचा पहिला प्रश्न नसावा. घरात वाढत्या वयाचा मुलगा आहे का, कोणी खिन्न असते का, कुलपाची पेटी आहे का, आणि दर महिन्याला सरावाला जाण्याची आपली खरोखर तयारी आहे का, हे त्याने आधी पाहावे. त्यानंतर .३८० आणि ९ मिलिमीटरचा वाद त्याने खुशाल घालावा.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने लष्कर आणि पोलिसांच्या वापरातील व्यास सर्वसामान्यांना निषिद्ध ठेवले, त्यामुळे परवानाधारक भारतीयाच्या हाती प्रायः .३२ येते. अमेरिकन माणूस ज्यावर रात्ररात्र वाद घालतो ते आपल्याकडे सरकारने परस्पर ठरवून टाकले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, तीही योग्यच होती. पण मोह येथेही आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देश हादरला, आणि त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये, आणि ते ठेवायला दागिन्याच्या डबीसारखी गडद तांबूस पेटी. बसने घरी परतणाऱ्या ज्या मुलीची ती घटना होती तिला सव्वा लाख कोठून आणायचे आणि परवान्यासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे, हे त्या पेटीत लिहिलेले नव्हते. रस्त्यावर दिवे लावणे, रात्रीची बस वेळेवर सोडणे, तक्रार घेऊन आलेल्या बाईला चौकीत खुर्ची देणे ही कामे सरकारची. ती न करता तिच्या पर्समध्ये शस्त्र ठेवून मोकळे होण्याची कल्पना सरकारच्याच कारखान्यातून निघावी, हे खेदजनक होते.

आपल्या शस्त्रधाऱ्यांची स्मरणशक्ती अमेरिकनांहून चांगली आहे, असे मानण्यास आधार नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये एका नामवंत अभिनेत्याच्या हातून त्याचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर पहाटेच्या घाईत निसटले आणि त्याच्याच पायात गोळी गेली. २०१६ च्या नियमांनी नव्या परवान्यासाठी शस्त्रसुरक्षेचे शिक्षण सक्तीचे केले, ही जमेची बाजू. पण परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, आणि एकदा घेतलेले शिक्षण पाच वर्षांत किती उरते हे कोणताही शिक्षक सांगू शकेल. जिल्हाधिकारी कार्यालयात नूतनीकरणाचा अर्ज येतो तेव्हा शुल्काची पावती आणि पोलिसांचा अहवाल यांबरोबर अर्जदाराला समोर बसवून तीन प्रश्न विचारण्याची पद्धत पडावी: शेवटची गोळी नेमबाजीच्या मैदानावर कधी झाडली, घरात या शस्त्राच्या कुलपाची किल्ली कोणाजवळ असते, आणि या क्षणी ते शस्त्र कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा’ या शब्दाने सुरू झाले, तर तो अर्ज तेथेच थांबवावा.